बडे अब्बांची दुनळी

गेल्या डिसेंबरात आम्ही गावी गेलो ते कुणाच्या लग्नाला नाही आणि मय्यतीलाही नाही. बडे अब्बांचा, म्हणजे आमच्या वडिलांच्या थोरल्या भावाचा, फोन आला होता. “बंदूक का फैसला करना है. सब लोगां आओ,” एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. आम्ही चुलत भावंडे चार शहरांत विखुरलेलो. ईदलासुद्धा एकत्र येणे जमत नाही. बंदुकीने मात्र जमवून आणले.

देवगिरी एक्स्प्रेसने जालन्याला पहाटे उतरलो. फजर पढून बाहेर आलो तोवर उजाडले होते आणि चहाच्या गाड्यावर हमाल, रिक्षावाले, कापसाच्या गाड्यांचे ड्रायव्हर शेकत बसले होते. जालन्याला जुने लोक ‘सोन्याचा पाळणा’ म्हणतात. कापूस, सरकी, बी-बियाणे आणि लोखंडी सळया यांवर हे शहर चालते. मधून कुंडलिका वाहते, म्हणजे वाहते असे म्हणायचे. एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवा. अकबर बादशहाचा अबुल फजल काही काळ इथे राहून गेला असे सांगतात. राजाबाग सवार यांचा दर्गाह इथलाच. बाग म्हणजे वाघ. वाघावर स्वार होणाऱ्या वलीची कहाणी आमच्या मुलांनी रिक्षातच ऐकली, आणि लगेच विचारले, “मग त्यांनी वाघाला मारलं का नाही?” आमच्याकडे उत्तर नव्हते. ज्या कारणासाठी निघालो होतो, त्याला हा प्रश्न जरा जास्तच लागू पडत होता.

अंबड चौफुलीवरून जीप धरली. अंबडपर्यंत दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा, मग कापूस, मग तूर. अंबड ओलांडून वाडीगोद्रीच्या दिशेने उतरू लागलो की ऊस सुरू होतो. आमच्या लहानपणी इथे ऊस नव्हता. माळ होता, कुसळी गवत होते, मधे मधे बाभळी आणि बोरी. पैठणचे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले, नाथसागराचा डावा कालवा या भागातून गेला, आणि माळाचे शेत झाले. अंकुशनगरचा साखर कारखाना आला. लोकांच्या घरात पैसा आला, आमच्याही घरात आला, त्याबद्दल तक्रार नाही. पण काळविटे बंदुकीने संपवली असे जे सरसकट म्हणतात, त्यांनी हा रस्ता एकदा पाहावा. काळविटाला पळायला मोकळे रान लागते. ते नांगराने गेले. आणि उसाच्या दाट फडात जे राहू शकते ते जनावर वाढले, रानडुक्कर.

बडे अब्बा ओट्यावर बसले होते. पांढरी टोपी, अंगावर घोंगडी, डोळ्यांवर जाड भिंगे. त्यांची जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नाही. दादीजान सांगत, “पुलिस ॲक्शन के तीन महीने बाद.” म्हणजे १९४८ चा डिसेंबर. आमच्या दादाअब्बांकडे निजामी काळातली एक बंदूक होती. पोलिस ॲक्शननंतर हत्यारे जमा करण्याचा हुकूम झाला, त्यात ती गेली ती गेलीच. घरात त्या दिवसांबद्दल बोलले जात नसे. बंदुकीबद्दल मात्र बोलले जाई, कदाचित दुसऱ्या गोष्टी बोलायला नकोत म्हणून. साठच्या दशकात दादाअब्बांनी पीक संरक्षणाचा परवाना काढून बारा बोअरची दुनळी घेतली. त्यांच्यानंतर ती बडे अब्बांच्या नावावर झाली. तीच ही.

आजही दर निवडणुकीला ती कापडात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकाल लागल्यावर परत येते. बडी अम्मी म्हणतात, “मायके जाके आती.”

आता आमची गोष्ट सांगतो, कारण या प्रकरणात आम्ही नुसते पाहुणे नव्हतो. आम्ही छुरीवाले होतो.

बंदुकीने पडलेले जनावर जिवंतपणी जबह झाले नाही तर ते हलाल होत नाही, असे आपल्या हनफी उलेमांचे सर्वसाधारण मत आहे. शिकवलेला कुत्रा बिस्मिल्लाह म्हणून सोडला आणि त्याने शिकार धरली, तर तिचा हुकूम वेगळा, हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) विचारलेले प्रश्न हदीसच्या ग्रंथांत आहेत. छर्ऱ्याला ती सवलत नाही. म्हणून मुसलमान शिकाऱ्याच्या घरी बंदूकवाल्याइतकाच महत्त्वाचा असतो तो छुरी घेऊन पळणारा. बार झाला की पोरांनी काट्याकुट्यातून जीव खाऊन पळायचे, जनावराचा श्वास चालू असताना पोहोचायचे आणि किब्ल्याकडे तोंड करून छुरी फिरवायची. उशीर झाला तर मांस कुत्र्याला. १९८०च्या आसपास, शाळेच्या सुट्ट्यांत, आम्ही तितर आणि सशांमागे असे पळालो आहोत. पायांवर बोरीच्या ओरखड्यांचे वण अजून आहेत. बडे अब्बांचा नियम होता की दहा वर्षे छुरी धरल्याशिवाय बंदुकीला हात लावायचा नाही. “बंदूक दूर से मारती,” ते म्हणत, “छुरीवाले को आँख देखना पड़ता.” आमच्यापैकी कुणाचीच दहा वर्षे भरली नाहीत. कुणी पॉलिटेक्निकला गेले, कुणी मुंब्र्याला.

ते सगळे कायद्याच्या बाहेरचे होते, हे इथे लिहून टाकतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला. त्यात लहान शिकारीला परवाना घेऊन थोडी वाट ठेवली होती, १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. बडे अब्बांनी शिकारीचा परवाना कधी काढलाच नव्हता. बंदुकीचा परवाना वेगळा आणि शिकारीचा वेगळा, हे गावात कुणाच्या डोक्यात नव्हते, की असूनही नसल्यासारखे होते. आज त्या तितरांच्या रश्शाची आठवण काढताना आम्ही जरा आवाज खाली करतो.

पण काळवीट त्यांनी त्याआधीच सोडले होते. का सोडले, ते आम्हाला या वेळी पहिल्यांदा कळले. रात्री जेवणानंतर शेकोटीजवळ बसलो होतो, तेव्हा नातवाने, म्हणजे आमच्या भाईजानच्या धाकट्या मुलाने, विषय काढला. हा पोरगा एकोणीस वर्षांचा. बंदूक त्याला हवी आहे.

बडे अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग १९७२ वर आले. मराठवाड्यात ज्यांची घरे आहेत त्यांना तो दुष्काळ समजावून सांगायला नको. खडी फोडण्याची कामे, लाल मिलो, सुकडी. आमच्या शिवारात गोदावरीला मिळणाऱ्या ओढ्यात एकच डोह उरला होता. माणसे आणि जनावरे पाळीपाळीने तिथेच पीत. दादाअब्बांचे एक सांगणे होते, पाणवठ्यावर बार टाकायचा नाही. ते त्या दिवशी बाजाराला गेले होते. बडे अब्बा चोवीस वर्षांचे, सोबत दोन दोस्त. संध्याकाळी कळप पाण्यावर आला आणि माणसे दिसूनही पळाला नाही. पळायची ताकदच नव्हती. वीस पावलांवरून त्यांनी एक नर पाडला. छुरी घेऊन पळावे लागले नाही, चालत गेले.

“खाल निकाली तो अंदर गोश्तच नहीं था,” ते म्हणाले. “हड्डियाँ और पानी. पेट में पिया हुआ पानी.” घरी आणले, शिजवले, कुणाला घास गेला नाही. दादाअब्बा बाजारातून आले, पातेले बघितले आणि विचारले, कुठे मारलेस? खोटे बोलता आले नाही. त्यांनी हात उगारला नाही. एवढेच म्हणाले की पाण्यावर आलेला मेहमान असतो, तू दस्तरखानावर बसलेल्याला मारलेस.

सूरह अल-माइदामध्ये इहराममधल्या माणसांसाठी शिकारीची मनाई आली आहे. त्याच ठिकाणी सांगितले आहे की अल्लाह अशा शिकारीने तुमची परीक्षा घेईल, जी तुमच्या हातांच्या आणि भाल्यांच्या टप्प्यात असेल, न पाहता त्याचे भय कोण बाळगतो हे कळावे म्हणून. मुफस्सिर सांगतात की हुदैबियाच्या प्रवासात जनावरे अगदी हाताशी येत होती आणि लोकांनी हात आवरला. हा हुकूम इहरामचा आहे, आमच्या ओढ्याचा नाही, हे आम्हाला कळते. तरीही त्या रात्री ती आयत आठवली. टप्प्यात येणे हीच परीक्षा, ही गोष्ट शिकारी सोडून दुसऱ्या कुणाला इतकी नेमकी कळणार नाही.

इस्लामने शिकार हराम केलेली नाही. हजरत हमजा (रजि.) धनुष्य घेऊन शिकारीहून परतत होते, तेव्हाच अबू जहलने आपल्या पुतण्याला केलेल्या शिवीगाळीची बातमी त्यांना कळली आणि तिथून ते इस्लामकडे वळले. पण जो शिकारीच्या मागे लागला तो गाफील झाला, असेही हदीसमध्ये आहे. आणि चिमणीएवढा जीवही हक्काशिवाय मारला तर त्याचा जाब द्यावा लागेल, हेही आहे. हक्क म्हणजे जबह करून खाणे, मुंडके तोडून फेकून देणे नाही. सूफी परंपरेत बल्खच्या इब्राहिम बिन अदहम यांची कथा प्रसिद्ध आहे. राजेपणी ते हरणामागे घोडा टाकत होते आणि आवाज आला, तू यासाठी पैदा झालास का? त्यांनी राज्यच सोडले.

सगळ्यांना एका आवाजात सुटत नाही. जहाँगीर बादशहाने आपल्या रोजनिशीत हिशेब मांडला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत त्याच्या समोर २८,५३२ जनावरे मारली गेली, त्यातली १७,१६७ त्याने स्वतः मारली. पन्नाशीला बंदुकीची शिकार सोडायची असा नवस त्याने केला होता. नातू शुजा आजारी पडला तेव्हा त्याच्या जिवासाठी तो नवस पाळायला घेतला. काही वर्षांनी मुलगा खुर्रम याच्याशी बिनसले आणि बादशहाने बंदूक पुन्हा उचलली. १६२७ मध्ये काश्मीरहून उतरताना हरणाच्या शिकारीत त्याचा एक प्यादा कड्यावरून पडून मेला, बादशहाने त्याचा फार धसका घेतला आणि थोड्याच दिवसांत तो स्वतः गेला. आम्ही हे सांगितल्यावर बडे अब्बा हसले. “बादशा को भी दो बार छोड़ना पड़ा ना?”

त्यांचेही तसेच झाले. काळवीट १९७२ ला सुटले, ससे-तितर नव्वदच्या दशकात सुटले. त्यानंतर बंदूक भिंतीवर होती. मग उसातून डुकरे आली.

ज्यांच्याकडे शेती नाही त्यांना रानडुकराचे नुकसान समजत नाही. एका रात्रीत मका झोपवतात, भुईमूग उकरतात, हरभऱ्यात लोळतात. खातात त्याहून जास्त तुडवतात. रोहींचे वेगळेच. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये पिकांचा नाश करणाऱ्या रानडुकरांना आणि रोहींना वनाधिकाऱ्याची परवानगी घेऊन मारण्याची सोय केली. परवानगी शेतकऱ्याला, पण बंदूक कुणाकडे? गावात एकच चालू दुनळी. पाटील, माळी, वंजारी, सगळे ओट्यावर येऊ लागले, “बडे अब्बा, तेवढं बघा.” एका मुसलमानाने रात्र जागून अशा जनावराची राखण करायची ज्याला तो हातही लावणार नाही, आणि मेल्यावर ते नियमाप्रमाणे पुरायचे. त्यांनी मशिदीतल्या मौलानांना विचारले. नुकसान टाळायला मारता येते, मजेसाठी नाही, असे उत्तर मिळाले. छुरीवाल्याची गरज उरली नाही. त्यांना तेच खटकत होते, असे आता वाटते. पण गावाने हाक मारली की नाही म्हणायची त्यांची पद्धत नाही. आणि खरे सांगायचे तर हात शिवशिवत होते. हे त्यांनीच सांगितले, आम्ही आमच्या मनाचे लिहीत नाही.

२०१८ च्या थंडीत एका मक्यात माळ्यावर बसले होते. चंद्र नव्हता. पहाटेच्या सुमारास कडेच्या तासांत काळे काही हलले. बॅटरी मारली तर धूसर दिसले, डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. पाठीचा गोल दिसला, फुसफुस ऐकू आली. दोन्ही घोडे ताणलेले. बोट चापावर. बिस्मिल्लाह म्हणायची की नाही यावर ते अडले. डुकरावर ते कधीच म्हणत नसत, पण पन्नास वर्षांची सवय ओठांवर येई आणि दर वेळी क्षणभर घोटाळा होई. त्या क्षणात काळे ते खोकले.

शेजारच्या शेताचा सालगडी होता. राखणीला आला होता, थंडीने काळी घोंगडी डोक्यावरून घेऊन तासात कुडकुडत बसला होता.

बडे अब्बा खाली उतरले. काडतुसे काढली. त्या माणसाला बिडी दिली, कशासाठी ते त्याला आजतागायत माहीत नाही. घरी येऊन वजू केला, दोन रकअत नफिल पढली आणि बंदूक कपाटात ठेवली. नंतर मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, डोळे सुधारले, लोक पुन्हा बोलवायला आले. ते गेले नाहीत. आता डुकरांसाठी लोक तारेचे कुंपण करतात, फटाके वाजवतात, रात्रभर भोंगा लावतात. काहीच पुरेसे नाही. त्या माणसांच्या रागाला उत्तर आमच्याकडे नाही.

ही गोष्ट सांगताना नातू समोरच होता. त्याने मान खाली घातली नाही. “दादा, आप की आँखां ख़राब थे. मेरे अच्छे हैं,” तो म्हणाला. एकोणिसाव्या वर्षी याहून वेगळे कोण बोलेल?

खरी भीती तीच होती आणि त्यासाठीच आम्हाला बोलावले होते. पोराच्या मोबाइलवर एक व्हिडिओ होता. तालुक्यातली चार पोरे, जीप, मोठा प्रकाशझोत आणि त्या झोतात खिळलेले हरीण. तो स्वतः जीपमध्ये नव्हता, असे तो म्हणतो आणि आम्ही ते खरे धरले आहे. काळवीट मारल्याची शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आहे. आणि आजच्या दिवसांत आपल्या पोराच्या हातात रात्री बंदूक सापडली, तर प्रकरण फक्त हरणाचे राहत नाही, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

कायद्याने बंदूक त्याच्या बापाच्या नावावर होऊ शकते. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी तरतूद आहे: परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे असले, की ते कायदेशीर वारसाला देता येते. अर्ज, बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचे कागद, पोलिसांचा अहवाल, प्रशिक्षणाचा दाखला, मग जिल्हाधिकारी कार्यालय. कागद तयार होते. भाईजानला बंदूक नको होती, पण बापाची वस्तू दुकानदाराला विकणेही नको होते. बहिणी म्हणत होत्या, विकून टाका आणि सुखाने झोपा. आमच्यातही दोन मते पडली. एकाने विचारले, नळ्या बंद करून नुसती शोभेला ठेवता येईल का? बडे अब्बांना ते सर्वांत वाईट वाटले. “जिंदा नहीं, मुर्दा नहीं. ऐसी चीज घर में नको.”

मग आम्ही सालिम अलींची गोष्ट काढली. पक्ष्यांचे जगप्रसिद्ध अभ्यासक, १८९६ मध्ये मुंबईत जन्मलेले, लहानपणीच पोरके. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या खेतवाडीच्या घरात वाढले. मामा नामांकित शिकारी. त्यांनीच भाच्याला छर्ऱ्याची बंदूक दिली. एके दिवशी पोराने चिमणी पाडली तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही खायला चालते का, अशी शंका आली म्हणून तो मामाकडे गेला. मामाने त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे धाडले आणि तिथून पुढचे आयुष्य ठरले. म्हणजे हलाल-हरामच्या एका शंकेतून हे झाले. पुढे १९३१-३२ मध्ये याच सालिम अलींनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता.

नातू म्हणाला, “देखो, पहले मामू ने बंदूक तो दी.” सगळे हसले. आम्हालाही उत्तर सुचले नाही.

एक गोष्ट मात्र त्या रात्री आमच्यापैकी कुणी बोलले नाही आणि परतताना गाडीत बोललो. आम्ही ‘शिकार सोडली’ असे म्हणतो, मोठेपणाने म्हणतो. आमच्या शिवाराच्या टोकाला फासेपारध्यांची पालं असत. गायीच्या आडोशाने काळविटापर्यंत पोहोचणारी, पाळीव तितराकडून रानचा तितर बोलावणारी ती माणसे. दादाअब्बा माग काढायला त्यांच्याकडूनच शिकले. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अशा जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, तो शिक्का १९५२ मध्ये पुसला, पण ठाण्यातल्या मनांवरून पुसला गेला नाही. आमची शिकार हौस होती, ती सुटली तर आमच्या ताटात काही कमी झाले नाही. त्यांची शिकार पोट होती. त्यांना कुणी निवृत्ती दिली नाही, फक्त काठ्या दिल्या. आम्ही तितर मारला तर गावजेवण होई, त्यांनी मारला तर ठाणे. हे लहानपणी दिसत होते.

दुसऱ्या दिवशी बडे अब्बांनी फैसला सांगितला. कागदांवर ते सही करणार नाहीत आणि फाडणारही नाहीत. कपाटात कुरआनच्या खालच्या फळीवर ते राहतील. पोराने पुढच्या डिसेंबरपर्यंत रोज फजरनंतर त्यांच्यासोबत शिवार फिरायचे, हातात काही न घेता. माग ओळखायला शिकायचे. नराचा खूर, मादीचा खूर, कालचा, आजचा. तितर कोणत्या बाजूने हाक देतो आणि कोणत्या बाजूने उडतो. वर्षानंतर ते त्याला विचारतील आणि मग सही करायची की बंदूक दुकानदाराकडे जमा करायची ते ठरवतील. “और मैं उससे पहले मर गया तो जमा कर देना,” हे त्यांनी बडी अम्मींकडे बघून सांगितले. बहिणींना हा फैसला पटला नाही. आम्हालाही पुरता पटलेला नाही. वर्षाने पोरगा शहाणा होईल की नुसता चांगला नेमबाज होईल, कोण सांगणार?

निघायच्या सकाळी आम्हीही त्यांच्या मागे गेलो. दव पडले होते. २०१२-१३ च्या दुष्काळात, जालना शहर पाण्यावाचून तळमळत होते तेव्हा, बडे अब्बांनी विहिरीजवळच्या बांधावर एक उथळ हौद बांधला होता. तो अजून भरला जातो. हरभऱ्याच्या कडेला बसलो. बऱ्याच वेळाने तुरीतून मोकळ्यात कळप उतरला. दोन काळे नर, बाकी माद्या आणि पिल्ले. पोरगा मोजत होता, ओठ हलत होते. अकरा म्हणाला. बडे अब्बांनी दोन बोटे दाखवली, अजून दोन आहेत, तुरीत, बाहेर यायचे राहिलेत.

पोराने खिशातून मोबाइल काढला. म्हाताऱ्याने न बोलता त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि हात खाली केला. जनावरे पाणी पिऊन होईपर्यंत तो हात तसाच होता.